सातव्या रांगेतली खुर्ची

कॉमेट्स बँडचा कार्यक्रम नगरात असो, छावणीत असो की एखाद्या साखर कारखान्याच्या कॉलनीत, सातव्या रांगेतली कडेची खुर्ची मनकर्णाची असायची. संयोजकांना हे आधीच कळवलेलं असे. तरीही कुणी तिथे बसलंच, तर दिलावर ड्रमचे स्क्रू आवळायचं सोडून स्टेजवरून खाली उतरायचा आणि म्हणायचा, "काका, ही खुर्ची आमच्या मशिनीचा भाग आहे. तुम्ही जरा पलीकडं सरका."

ही थट्टा अर्धीच होती. स्टेजवर वाजवणाऱ्या माणसाला आपला आवाज समोर कसा पोचतोय हे कळत नाही. कर्णे लोकांकडे तोंड करून उभे असतात आणि मागे उरतो तो नुसता गोंगाट. ड्रमवाल्याला वाटतं आपण हळू वाजवतोय, बासवाल्याला वाटतं आपला आवाजच नाही, आणि गाणारा बिचारा घसा फोडतो. यावर कॉमेट्सनी तोड काढली होती. मनकर्णाच्या हातात निळ्या काठाचा पुरुषी पांढरा रुमाल असायचा. तो उजव्या खांद्यावर आला की गिटार कमी करायची, डाव्या खांद्यावर आला की बास. मांडीवर पसरला की दिलावरने हात आवरायचा. आणि रुमाल डोक्यावर आला की समजायचं, गाणाऱ्याचा आवाज लोकांपर्यंत जात नाही.

हा कान तिला माहेरून आला होता. नेवाशात तिचे वडील भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. लहानपणी ते तिला देवळाच्या ओट्याच्या अगदी शेवटच्या पायरीवर बसवायचे आणि अभंग संपला की विचारायचे, "मने, शेवटल्या बाईला शब्द कळला का?" ती नाही म्हणाली की पुढच्या अभंगाला त्यांचा हात हलका पडायचा. गावातल्या कुणा बाप्याचं त्यांनी ऐकलं नसतं, पण आठ वर्षांच्या पोरीचं ऐकायचे. लग्न होऊन ती नगरला आली, नवऱ्याचा, गोरक्षचा पहिला कार्यक्रम बघितला आणि घरी आल्यावर पदर खोचता खोचता म्हणाली, "तुमचं एक अक्षर कळलं नाही. कानिफभावजी सगळं खाऊन टाकतात."

गोरक्षला आधी राग आला. मग पुढच्या कार्यक्रमाला तो तिला घेऊन गेला.

गोरक्ष एस.टी.च्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन होता. नगरात तेव्हा इलेक्ट्रिक गिटारी दोनच आहेत असं लोक म्हणायचे. एक छावणीत साहेबांच्या मेसमध्ये काचेच्या कपाटात, आणि दुसरी गोरक्षने स्वतः बनवलेली, जिच्या चुंबकांवर तार गुंडाळताना त्याने घरातला पाटा-वरवंटा दोन दिवस अडवून ठेवला होता. ड्रमवर दिलावर, ज्याचं झेंडीगेटजवळ सायकलचं दुकान होतं. बासवर कानिफनाथ, जकात नाक्यावरचा कारकून, वर्षातून चार वाक्यं बोलणारा. तिघांचा मिळून बँड. रेडिओवर ऐकलेली इंग्रजी गाणी ते वाजवायचे, पण लोक यायचे ते गोरक्षच्या स्वतःच्या गाण्यासाठी. 'नेवाशाची गाडी' म्हणत त्याला. मुलगी बघून परत येताना त्याला एस.टी.तच सुचलं होतं ते. तीन मिनिटांचं, झपाट्याचं. 'घंटी दे, मास्तर, घंटी दे' आलं की कॉलेजची पोरं खुर्च्यांवर उभी राहायची. तिसऱ्या कडव्यात खिडकीतल्या मुलीच्या हिरव्या बांगड्या यायच्या आणि तिथे गोरक्ष न चुकता सातव्या रांगेकडे बघायचा.

तसा तो सबंध कार्यक्रमभर बघायचाच. रुमालासाठी बघावंच लागायचं. पण पाचशे माणसांतून दर अर्ध्या मिनिटाला नवऱ्याची नजर आपल्यावर येते, तिथून काहीतरी घेऊन जाते, आणि लगेच गिटारीचा कान पिळला जातो, हे सुख मनकर्णा कुणाला सांगू शकली नसती. शेजारच्या छबूबाईंना तर मुळीच नाही. त्या एकदाच कार्यक्रमाला आल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी नळावर चार बायकांत म्हणाल्या, "नवरा तिकडं वरडतुया आन् ही रुमाल हिकडं टाक, तिकडं टाक. येवढं उकडत हुतं तर घरी बसायचं न्हाई का!"

मनकर्णाने नुसती कळशी उचलली. छबूबाईंकडे लेकीला ठेवून ती कार्यक्रमांना जायची, त्यामुळे त्यांना उलटून बोलणं परवडणारं नव्हतं.

एकाहत्तरच्या पावसाळ्यात, जो पाऊस धड पडलाच नाही, राधाकृष्ण आला. कापडबाजारातल्या मोठ्या दुकानदाराचा हा मुलगा. पुण्यात कॉलेजला होता, तिथून केस वाढवून परतला. त्याच्याकडे मुंबईहून आणलेला इलेक्ट्रिक ऑर्गन होता आणि इको मशीन म्हणून एक निळ्या पत्र्याचा डबा. त्यात टेपचा वेढा सारखा फिरायचा आणि एकदा काढलेला आवाज चारदा परत यायचा. डब्याच्या तोंडावर हिरवा दिवा होता. गोरक्षने पहिल्यांदा तो डबा उघडून पाहिला तेव्हा त्याचा चेहरा असा झाला, की मनकर्णाला आपली लेक जन्मली तो दिवस आठवला. तेव्हाही तो असाच वाकून, श्वास रोखून बघत होता.

राधाकृष्णच्या मागोमाग मिस आली.

अरणगावला बाबांच्या समाधीच्या दर्शनाला परदेशातून तरुण पोरंपोरी यायची, महिनोन्‌महिने राहायची. त्यांतलीच ही एक. तिचं नाव कुणालाच धड उच्चारता येईना, म्हणून सगळे तिला मिस म्हणत. तिला मोडकंतोडकं मराठी येत होतं. दिलावरच्या दुकानामागच्या खोलीत तालीम चालायची, तिथे ती सायकलचं पंक्चर काढायला म्हणून आली आणि आवाज ऐकून आत येऊन बसली. मनकर्णा तालमीला चहा घेऊन गेली तर ही ट्यूबच्या ढिगावर मांडी घालून बसलेली. साडी चुकीच्या बाजूने नेसलेली. पाय मळलेले, टाचांना भेगा. मनकर्णाने आधी टाचा पाहिल्या आणि तिला बरं वाटलं. मग तिने चेहरा पाहिला.

"भाभी, ही मिस. अमेरिकेची," दिलावर म्हणाला. "आपली गाडी ऐकून नाचली. खरंच, ट्यूब घेऊन नाचली."

"चहात साखर चालते का त्यांना?" मनकर्णाने गोरक्षला विचारलं, जणू मिसला तोंडच नव्हतं.

"चालते," मिस मराठीत म्हणाली. "दोन चमचे."

दुसऱ्या वेळी आली तेव्हा मिसने झोळीतून एक रेकॉर्ड काढली आणि गोरक्षच्या हातात दिली. दिली म्हणजे देऊनच टाकली. कव्हरवर रंग एकमेकांत वितळल्यासारखे पसरले होते आणि त्या रंगांत पाच माणसांचे चेहरे बुडत होते. राधाकृष्ण ती बघून उभाच राहिला. "सायकेडेलिक!" तो म्हणाला. "पुण्यात ही मिळत नाही."

"म्हणजे काय रे ते?" दिलावरने विचारलं.

"ऐकता ऐकता डोक्यात रंग दिसायला लागतात. भान राहत नाही."

"मग आमच्या अब्बांना नको ऐकवू. त्यांना मोतीबिंदूपायी आधीच रंगीत दिसतंय."

गोरक्ष हसला नाही. तो रेकॉर्ड उलटीसुलटी करून बघत होता.

राधाकृष्णचा रेकॉर्डप्लेअर घरी आला तो एका आठवड्यासाठी आणि राहिला तीन महिने. वर्कशॉपातून आला की गोरक्ष हातपाय धुवायचा आणि भिंतीला टेकून डोळे मिटून बसायचा. रेकॉर्डच्या एका बाजूला एकच गाणं होतं. ते सुरू झालं की कुठून कुठे चाललंय ते कळायचं नाही. मध्येच पाणी उकळल्यासारखं व्हायचं, मध्येच कुणीतरी विहिरीतून बोलायचं. मनकर्णा स्वयंपाकघरातून हाक मारायची, "अहो, ताट वाढलंय." पाणी उकळत राहायचं. ती दारात येऊन उभी राहायची. त्याच्या मिटलेल्या डोळ्यांकडे, किंचित उघड्या ओठांकडे बघत राहायची. इतकं उघडं तोंड त्याचं तिने खोलीचं दार लावल्यावरच पाहिलेलं होतं. आता ते दिवेलागणीला, लेकीसमोर, त्या पोरीच्या रेकॉर्डसाठी उघडं होतं.

एकदा तिने विचारलंच. "ती मिस तुम्हाला कितीदा भेटते?"

त्याने डोळे उघडले. "कोण? तालमीला येते कधीतरी. का?"

"तिच्या देशातली गाणी ऐकता म्हणून विचारलं."

"मने, गाणं ऐकतोय मी. तिचा काय संबंध?"

"तिनेच दिलं ना?"

"अगं, तुझ्या बापानं मला पितळी तांब्या दिला. पाणी पिताना मी काय सासऱ्याला आठवतो?"

यावर तिला हसू यायला हवं होतं. ते आलंही, पण तिने ते तिथल्या तिथे गिळलं. त्या रात्रीच्या भाजीत मीठ जास्त पडलं आणि त्याला ते कळलंसुद्धा नाही, याचा तिला आणखी राग आला.

डिसेंबरात लढाई सुरू झाली. छावणीचं गाव, त्यामुळे दिव्यांना काळे कागद लागले, कार्यक्रम बंद पडले. नुसत्या तालमी उरल्या. त्या तालमींत 'नेवाशाची गाडी' लांबायला लागली. तीन मिनिटांची आठ झाली, आठाची अठरा. सुरुवातीला पाच मिनिटं नुसता ऑर्गनचा धूर. मग गोरक्षचा आवाज इको मशिनीतून चारचारदा येणार, एस.टी.ची घंटा कुठल्या डोंगरात वाजते ते कळू नये असा. तिसरं कडवं राधाकृष्णने काढूनच टाकलं. बांगड्याबिंगड्या आता जुनं झालं, म्हणाला.

मनकर्णा खोलीच्या कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती. गाणं संपल्यावर सवयीने म्हणाली, "शब्द कळत नाहीत. ऑर्गन कमी करा."

राधाकृष्ण अगदी आदराने हसला. "वहिनी, या संगीतात शब्द कळायचे नसतात. इथे कमी-जास्त असं काही नसतंच. जे निघेल ते बरोबर."

"म्हणजे मग मी तिथे बसून काय करायचं?"

तो जरा गोंधळला. "तुम्ही आनंद घ्या ना. बाकीचे लोक घेतात तसा."

तिने गोरक्षकडे पाहिलं. तो गिटारीची तार पुसत होता. बराच वेळ पुसत राहिला. शेवटी दिलावरच बोलला, "राधू, बाकीचे लोक असतात म्हणून भाभी पाहिजे." पण तेवढ्यात कानिफनाथने कधी नव्हे ते तोंड उघडलं आणि म्हणाला, "करून बघू की एकदा." त्याचं वर्षाचं एक वाक्य त्याने इथे खर्च केलं, हे मनकर्णाने त्याला कधी माफ केलं नाही.

कार्यक्रम ठरला तो सव्वीस जानेवारीचा, श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत. संध्याकाळी पाचला. टेम्पोत सामान भरलं. ऑर्गनला गादी, इको मशिनीला गोरक्षची मांडी. मिसही आली, अरणगावहून आणखी कुणी नव्हतं म्हणून ड्रायव्हरशेजारी मनकर्णा आणि ती दोघीच. पंचवीस मैल मनकर्णा खिडकीबाहेर बघत राहिली. मिसने वाटेत पेरू घेतले, तिखट-मीठ लावून एक फोड तिला दिली. तिने ती घेतली आणि हातात तशीच धरून ठेवली.

मैदानात चांगली हजारभर माणसं होती. पुढे अधिकाऱ्यांची कुटुंबं, मागे कामगार, कडेला ऊसतोडणीच्या टोळीतल्या बाया पोरं काखेत घेऊन उभ्या. वरून उसाच्या मळीचा आंबूस वास. सातव्या रांगेतली खुर्ची मोकळी ठेवलेली होती. मनकर्णा बसली. मिस तिच्या शेजारी येऊन बसली.

पहिली चार गाणी जुनी होती. लोक डोलले. मनकर्णाने दोनदा रुमाल मांडीवर पसरला, दिलावरने दोनदा हात आवरला. मग राधाकृष्णने उदबत्त्यांचा जुडगा लावला, मशिनीचा हिरवा दिवा पेटला आणि ऑर्गनचा धूर सुरू झाला. पाच मिनिटं झाली. पुढच्या रांगेत एक मूल रडायला लागलं. गोरक्ष माइकसमोर आला, त्याने डोळे मिटले आणि गायला लागला.

आवाज आलाच नाही.

मनकर्णा पुढे सरकून बसली. ओठ हलत होते. गळ्याच्या शिरा ताणलेल्या होत्या. पण कर्ण्यातून येत होता तो नुसता ऑर्गन, त्याच्या चार सावल्या आणि खाली बासची घरघर. तिने स्टेजवर नजर फिरवली. माइकची वायर राधाकृष्णच्या पायाशी सुटून पडली होती. लाउडस्पीकरवाला पलीकडे चहाच्या टपरीवर. बाकीच्यांना काही कळण्याचं कारण नव्हतं, त्यांना स्वतःपलीकडचं काही ऐकूच येत नव्हतं. आणि लोकांनाही कळलं नव्हतं. या गोंधळात गाणं असतं की नसतं हे त्यांना कुठे ठाऊक!

तिचा हात रुमालावर गेला. डोक्यावर घ्यायचा, बस्स. त्याची नजर पडली की तो समजणार होता.

पण त्याचे डोळे मिटलेले होते.

आता उघडेल, ती मनाशी म्हणाली. इतक्या वर्षांची सवय आहे. अर्ध्या मिनिटाला एकदा तरी बघेल. तिने मिनिट मोजलं. दुसरं मोजलं. दिलावर डोकं खाली घालून बडवत होता, कानिफनाथ तर जन्मात कधी वर बघत नसे.

"तुमचे मिस्टर का गात नाहीत?" शेजारून मिसने हळूच विचारलं.

"गातायत," मनकर्णा म्हणाली.

"ऐकू येत नाही."

"तुमच्याच रेकॉर्डचं गाणं आहे ना. तुम्हाला समजायला पाहिजे."

मिसने वळून तिच्याकडे पाहिलं. मग शब्द जुळवत म्हणाली, "ती रेकॉर्ड मला ओझं झाली होती. ते सगळं मी सोडून आले. तिकडे टाकून आले. एवढी एकच झोळीत राहिली, म्हणून देऊन टाकली. मला तुमची गाडी आवडायची. घंटी दे, मास्तर." तिने मांडीवर ताल धरून दाखवला. ताल बरोबर होता.

मनकर्णा तिच्याकडे बघतच राहिली. सहा महिने हिच्या टाचा, हिचे केस, हिची ती झोळी रोज आठवून आठवून तिने मनात घोळवलं होतं. भाजी चिरताना, कपडे आपटताना, नवऱ्याच्या सदऱ्याला नाक लावून बघताना. आणि ही तर बोहारणीला जुनं लुगडं द्यावं तशी ती रेकॉर्ड देऊन मोकळी झाली होती. तिच्यावर रागावायलाही आता जागा राहिली नाही.

मग राग कुणावर?

स्टेजवर गोरक्षने डोळे उघडले. मनकर्णाने झटकन रुमाल मुठीत घेतला. त्याने उजवीकडे पाहिलं, खाली, त्या निळ्या डब्याकडे. हिरवा दिवा जळत होता. तो दिव्याकडे बघून हसला. तिसऱ्या कडव्याला तिच्याकडे बघून हसायचा तसाच. आणि त्याने पुन्हा डोळे मिटले.

बाई असती तर भांडता आलं असतं. झिंज्या धरता आल्या असत्या, माहेरी जाता आलं असतं, चार लोकांनी बाजू घेतली असती. पत्र्याच्या डब्याशी काय भांडणार?

तिने रुमालाची घडी घातली. घडीवर घडी, अगदी नीट. पर्समध्ये ठेवला आणि पर्सची कडी लावली. उठून उभी राहिली असती, हात हलवला असता, एखाद्या पोराला स्टेजकडे धाडलं असतं, तरी चाललं असतं. ती बसून राहिली. मागची माणसं एकेक करून उठून जायला लागली, तोडणीच्या बाया कधीच गेल्या होत्या. गोरक्ष पूर्ण अकरा मिनिटं गायला आणि त्याचा एक शब्दही पहिल्या रांगेपर्यंत पोचला नाही.

जेवण कारखान्याच्या गेस्टहाउसवर होतं. गोरक्षच्या डोळ्यांत पाणी तरळत होतं. "आज लागला आवाज," तो दिलावरला सांगत होता. "आयुष्यात असा लागला नव्हता." मनकर्णा पलीकडे मिसच्या ताटात भात वाढत होती. तिचा हात थांबला नाही.

कारखान्याचे सेक्रेटरी आप्पासाहेब पंगतीत फिरत आले. भला माणूस, पाहुण्यांना आग्रह करणारा. गोरक्षच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "लई जोरात वाजवलंत, पावनं. कान बसलं आमचं. फकस्त एक सांगू का, राग न्हाई ना येनार? त्या शेवटच्या मोठ्या गान्याला एखादा गानारा आनायला पायजे हुता. नुसतं वाजवून मानूस कट्टाळतं."

राधाकृष्णने घास हातात धरला. दिलावर एकदम म्हणाला, "आप्पासाहेब, गोरक्ष गात होता की."

"आं? आवो मी म्होरंच बसलेलो. मला वाटलं, तोंडातल्या तोंडात नाव घेत्यात देवाचं."

गोरक्षने मान वळवली. सबंध पंगतीवरून त्याची नजर फिरत आली आणि मनकर्णावर थांबली. गेले सहा महिने ज्या नजरेची ती वाट बघत होती, ती आली.

"तुला कळलं होतं?"

ती नाही म्हणू शकली असती. मिस बाजूला बसली होती, पण मिस बोलली नसती.

"कळलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही एकदा बघितलं असतं तर सांगितलं असतं."

त्याने ताटाला नमस्कार केला आणि अर्ध्या जेवणावरून उठला. परतीच्या वाटेवर तो मागे सामानाजवळ बसला. पुढे दोघी बायका.

घरी भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कितीदातरी वाटलं. तो वेळेवर जेवायचा, लेकीला फिरवून आणायचा, पगार तिच्या हातात द्यायचा. रेकॉर्डप्लेअर परत गेला. होळीनंतर राधाकृष्णच्या वडिलांनी त्याला गादीवर बसवलं, ऑर्गन दुकानाच्या माळ्यावर चढला. मिस कधीतरी तिच्या देशाला निघून गेली. जाताना मनकर्णाला भेटायला आली होती, पण मनकर्णा रेशनच्या रांगेत होती. त्या वर्षी पाऊस पुन्हा दगा देऊन गेला. घरात रेशनवरच्या मिलोची, त्या परदेशी लाल ज्वारीची भाकरी आली आणि पाण्याच्या टँकरमागे धावण्यात बाकीचं सगळं मागे पडलं. निदान दिवसा तरी.

गणपतीत कॉमेट्सला पुन्हा बोलावणं आलं. जुनी गाणी वाजवा, अशा अटीवर. मनकर्णाला हे छबूबाईंकडून कळलं.

ती गेली. लेकीला बरोबर घेतलं, म्हणजे मंडळाचा गणपती दाखवायला आलो असं म्हणता येईल. गर्दीत मागे उभी राहिली. सातव्या रांगेत कडेला दिलावरची बहीण हमिदा बसली होती, सतरा-अठराची, ओढणी सावरत, आणि तिच्या हातात पांढरा रुमाल होता. 'नेवाशाची गाडी' तीन मिनिटांची झाली होती. तिसरं कडवं परत आलं होतं. आणि त्या कडव्यावर कानिफनाथचा बास असा चढला होता, की हिरव्या बांगड्यांचा चक्काचूर. हमिदाने रुमाल टाकला तो उजव्या खांद्यावर. गोरक्षने बघितलं, मान डोलावली आणि बिचारी गिटारच कमी केली.

"आई, तू हात का वर केलास?" लेकीने विचारलं.

"डास होता," मनकर्णा म्हणाली.

चार दिवसांनी दुपारी हमिदा घरी आली. मनकर्णा मिलोची भाकरी थापत होती. ते पीठ मेलं हाताला धड लागत नाही, कडा तुटतात. हमिदा चुलीपासून लांब, उंबऱ्यापाशी टेकली.

"भाभी, एक विचारू? बासचा आवाज कसा ओळखायचा? मला तर सगळं एकच ऐकू येतं."

मनकर्णाने भाकरी तव्यावर टाकली. पाण्याचा हात फिरवला. पाठमोरीच राहून विचारलं, "त्यांनी पाठवलं का तुला?"

"कुणी? गोरक्षभाईंनी? नाही हो. त्यांना तर माहीतही नाही. ते म्हणतात, छान करतेस. पण मला माहितीये, मी चुकते. दिलावरभाई घरी येऊन अम्मीपुढं नक्कल करतो माझी."

गोरक्ष म्हणतो, छान करतेस. ज्याला गिटारीचा अर्धा सूर खाली गेलेला सहन व्हायचा नाही, तो म्हणतो छान करतेस. मनकर्णा भाकरी उलटायची विसरली. वास आल्यावर तिने ती फडक्याने ओढली, एक बाजू काळी झाली होती. हाकलून द्यावं पोरीला, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पोर उंबऱ्यावर ओढणीचं टोक चावत बसली होती.

"इकडे ये," मनकर्णा म्हणाली. "तिथून नाही समजायचं. जवळ बस. आणि पोटावर हात ठेव. बास कानाने नाही कळत, आधी इथे कळतो. आणि इथे नुसतं घुमतंय पण वर सूर कळत नाहीये असं झालं, की डावा खांदा. उजवा नाही, डावा. गिटारीच्या जिवावर उठलीस तू त्या दिवशी."

"तुम्ही आल्ता?" हमिदा चमकली. "मग तुम्हीच का नाही बसत भाभी? तुमचीच खुर्ची आहे ती. सगळे म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"दिलावरभाई म्हणतो. कानिफभाईसुद्धा म्हणाले एकदा."

"आणि?"

हमिदाला त्या प्रश्नाचा अर्थ कळला. ती खाली बघायला लागली.

मनकर्णाने परातीतलं उरलेलं पीठ गोळा केलं. छबूबाईंनी विचारलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, लेक मोठी झाली, आता जमत नाही. माहेरी म्हणाली होती, बँडची आता हौस उरली नाही. स्वतःलाही तिने असंच काहीबाही सांगितलेलं होतं.

"मला बोलावलं नाही," ती म्हणाली.

बाहेर टँकर आल्याची ओरड झाली. छबूबाई जिना उतरता उतरता हाका मारत होत्या. मनकर्णाने पिठाचे हात तसेच पदराला पुसले आणि दोन कळश्या उचलल्या. एक हमिदाच्या हातात दिली.

"चल, रांगेत उभं राहून सांगते. ड्रमचं राहिलंय अजून."